बार्सिलोनाची जुनी टीम, ३-४-३, उरलेत २६ गुण. डावा विंगर कोण घेऊ?

मेहरूणचा_दहा: जळगावात रविवारी आमच्या ग्रुपची प्लेस्टेशनवर फुटबॉल स्पर्धा आहे. एकाच क्लबचे आजवरचे कुठलेही ११ खेळाडू, पण सगळे मिळून १०० गुणांत. मी बार्सिलोना घेतली, तिचा जुना कोच क्रायफची डायमंडवाली ३-४-३, म्हणजे मागे तीन, मध्ये चौकटच्या आकारात चार आणि पुढे तीन. नऊ ठरले: झुबिझारेटा, कूमन, सर्जी, गार्डिओला, अमोर, एउसेबिओ, बाकेरो, फिगो आणि फॉल्स नाइनला (मधला फॉरवर्ड, पण मागे सरकून खेळणारा) लाउड्रुप. ७४ गुण गेले. आता डावा विंगर (डाव्या कडेचा फॉरवर्ड) आणि उजवा बचावपटू हवा. भाव असे: मेस्सी ३२, रोनाल्डिन्यो २१, स्टोइचकोव्ह १८, पुयोल १४, बेगिरिस्ताइन ११, फेरर ८. सरावात डोक्यावरून लांब पास आला की कूमन मागे पडतो, चार गोल तसेच खाल्ले. जिंकणाऱ्याला भरीत-पार्टी आहे, मनापासून सांगा.

भुसावळ_लोको: मेस्सी घे भो, विचारच करू नको. २ मे २००९ ला बर्नाबेऊवर त्याला मध्ये आणला अन् कट्टर वैरी रियाल माद्रिदला त्यांच्याच मैदानात ६-२ हाणलं. रात्र जागून पाहिलाय मी तो सामना.

मेहरूणचा_दहा: भाऊ, तो ३२ चा आहे. माझ्याकडे २६ च उरलेत.

भुसावळ_लोको: मग लाउड्रुप काढ.

धुळेकर_काका: लाउड्रुप काढायचं नाव काढू नका. १९९४ ची अथेन्सची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा. तेव्हा तीनच परदेशी खेळवता यायचे. क्रायफने कूमन, स्टोइचकोव्ह, रोमारिओ घेतले आणि लाउड्रुपला बाहेर ठेवलं. मिलानने ४-० ने धुतलं, तेही बारेसी आणि कोस्ताकुर्ता नसताना! बेटा, तू स्टोइचकोव्ह आणि फेरर घे, १८ अन् ८, बरोबर २६. १९९२ ला वेम्बलीवर युरोपियन कपच्या फायनलला दोघंही होते. सॅम्पडोरियाला १-० हरवलं, जादा वेळेत कूमनची फ्री किक.

अमळनेरी_पोऱ्या: फिगो कशाला घेतला? २००० ला रियालला गेला तो. २००२ मध्ये कॉर्नर मारायला आला तर लोकांनी डुकराचं मुंडकं फेकलं होतं. असा माणूस मी टीममध्ये ठेवणार नाही.

पाचोऱ्याची_ताई: लाउड्रुपही गेला होता रियालला. जानेवारी ९४ मध्ये बार्सिलोनाकडून ५-० जिंकला, जानेवारी ९५ मध्ये रियालकडून ५-०. त्यालाही काढणार का दादा?

अमळनेरी_पोऱ्या: त्याचं वेगळं होतं ताई. त्याला बाहेर बसवलं होतं.

चाळीसगाव_एक्स्प्रेस: स्टोइचकोव्ह अन् फेरर, २६ मध्ये बसतात. आणि इन्व्हर्टर चार्ज करून ठेवा. मागच्या वेळी मी २-० ने पुढे असताना लाइट गेली, सामना पुन्हा खेळवला आणि मी हरलो. अजून राग जात नाही.

शिरपूर_३४३: मी हे मैदानावर केलंय. आमच्या पोरांना ३-४-३ खेळवली, पहिल्या हाफात तीन गोल खाल्ले. दोन्ही विंगर आत घुसत होते, त्यामुळे समोरचे बॅक मोकळे सुटून वर चढत होते. हाफटाइमला डाव्या पोराला चुन्याच्या रेषेवर नेऊन उभा केला. म्हटलं, बुटाला चुना लागलेला दिसला पाहिजे. बॉल नसला तरी तिथंच थांब. मग त्यांचा बॅक त्याला सोडून हलेना. मध्ये एवढी जागा झाली की आमचा नऊ नंबर मागे सरकला तरी त्यांच्या स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) कळेना, त्याच्यामागे जावं की जागेवर थांबावं. तुझ्या टीममध्ये बाकेरो त्याच मोकळ्या जागेत पळाला पाहिजे. गार्डिओलाला वर जाऊ देऊ नको आणि बचावाची रेषा थोडी मागे घे, कूमनचा त्रास निम्मा होईल. बाकी विंगर रोनाल्डिन्योच घे. २००५ ला बर्नाबेऊवर रियालच्या लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

पाचोऱ्याची_ताई: २१ गेले तर उरलेल्या ५ मध्ये बचावपटू कुठून आणेल तो?

भुसावळ_लोको: म्हणूनच म्हणतो, मेस्सी.

मेहरूणचा_दहा: सगळ्यांचं वाचलं. बेगिरिस्ताइन आणि पुयोल घेतले, २५ गुण. शिरपूरच्या दादांचं चुन्याचं पटलं. स्टोइचकोव्ह माझ्या हातात सारखा आत वळतो आणि लाउड्रुपचीच जागा खातो. बेगिरिस्ताइनला रेषेवर उभा केला, कूमनचे लांब तिरके पास थेट त्याच्या पायात पडायला लागले. मागे धावायला पुयोल आहे. काल रात्री पाच सामने खेळलो, डोक्यावरून एकच गोल खाल्ला. फिगो राहतोय.

धुळेकर_काका: २६ असताना स्टोइचकोव्ह सोडला! १९९४ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब, आहे त्याच्याकडे. रविवारी निकाल कळव.