दम लागतो तेव्हा: घरच्यांचे अनुभव

सांजवात: काल माळा आवरताना बाबांचा हातात धरायचा छोटा पंखा सापडला, सेल आतच राहिलेले, गंजून चिकटलेत. तिथेच बसून राहिले. फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं, मधे टेकायला खुर्ची ठेवलेली. ऑक्सिमीटरवर ९५ आणि बाबा म्हणतायत जीव गुदमरतोय, मला वाटायचं मशीनच बिघडलंय. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या डॉक्टर म्हणाल्या आकडा चांगला असला तरी दम खरा असतो, ते सांगतात ते ऐका. पंखाही त्यांनीच सांगितला, नाकागालावर गार वारा लागला की घुसमट कमी वाटते. तुम्ही काय काय केलंत, लिहा ना.

गावाकडची: आईला आडवंच होता यायचं नाही. पुढ्यात टेबल, त्यावर दोन उशा, त्यावर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपायची, सकाळी गालावर शिवणीचा वळ. विडीला कधी हात लावला नाही, चुलीपुढे मात्र जन्म गेला. आणि येणारा जाणारा विचारणार, तंबाखू खायच्या का? फार राग यायचा.

किरण७२: मॉर्फिन, दम कमी वाटावा म्हणून दिलेलं अफूच्या जातीचं औषध. काका म्हणाले सवय लागेल श्वास बंद पडेल, म्हणून महिनाभर गोळ्या कपाटात. शेवटी डॉक्टरांनी सांगितलेल्या अगदी कमी डोसवर सुरू केलं, दोन दिवसांनी वडील बसून अर्धी पोळी जेवले. तो महिना अजून सलतो. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्या, फार खडा धरतो.

चकवा: छातीत पाणी झालेलं, दीड लिटर काढलं, परत येताना गाडीतच म्हणाले वडापाव खायचाय. दहा दिवसांत परत भरलं

सांजवात: @चकवा दिलात ना वडापाव?

चकवा: दिला की. दोन घास खाल्ले

रानफूल: कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, लाइट गेली की बंद, आमच्याकडे गुरुवारी हमखास जाते, भरलेला सिलिंडर घरात ठेवाच. आणि समई त्या खोलीत नको, ऑक्सिजन चालू असतो. सासूबाई स्वतःच म्हणाल्या हॉलमध्ये ने, मी इथून हात जोडते.

गावाकडची: @रानफूल ताई, इन्व्हर्टरवर चालतो का हो? भावाच्या सासऱ्यांना आजच लावलाय

रानफूल: पाच लिटरवाला साडेतीनशे वॅटच्या आसपास खातो, आमचा दीडेक तास निघायचा. बॅटरी केवढी आहे त्यांची? थांबा, कुकर झाला, येते