स्पाइक दिसला की मारायचा, हे थांबवायला हवं

रानवाट:
टेक्सासमध्ये व्हाइटटेल हरणांच्या शिकारीला जाणाऱ्या आमच्या गटात दर हंगामाला एक वाक्य ठरलेलं असतं, "स्पाइक दिसला की उडवा, कळपाचं रक्त सुधारतं." स्पाइक म्हणजे ज्याच्या शिंगांना फाटाच नाही, डोक्यावर नुसते दोन सुळे, असा नर. मीही कितीतरी वर्षं हेच करत आलो.

मागच्या हंगामात मारलेल्या एका स्पाइकचा खालचा जबडा सोलून पाहिला. पुढून तिसरी दाढ अजून तीन उंचवट्यांची होती, म्हणजे दुधाची. झिजून सपाट झालेली, आणि तिच्याखालून नवी दाढ वर येत होती. दीड वर्षाच्या सुमाराला ही दाढ पडून दोन उंचवट्यांची पक्की दाढ येते. म्हणजे या पोराला दीड वर्षही पुरं झालेलं नव्हतं. बहुधा उशिरा जन्मलेलं. त्याला मी वाईट रक्ताचा ठरवून मोकळा झालो होतो. तो जबडा हातात धरून मला फार वाईट वाटलं.

हरणाचं शिंग हाडाचं असतं, दरवर्षी गळतं आणि पुन्हा नव्याने वाढतं. पहिल्या शिंगांच्या वेळी जनावराचा स्वतःचा सांगाडाच पुरा झालेला नसतो. अंगात येणारं कॅल्शियम, प्रथिनं आधी तिकडे जातात, उरेल ते शिंगाला. पाऊस कमी झाला, आईला दूध कमी आलं, जन्म दोन महिने लांबला, की फाटे फुटत नाहीत. तोच नर पुढच्या वर्षी सहा-आठ टोकांचा दिसू शकतो. पहिल्या शिंगांवरून कुळी ठरवणं बंद करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दोननळी:
साफ असहमत. टेक्सासमधल्याच कर वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात, म्हणजे तिथल्या सरकारी वन्यजीव क्षेत्रात, 1970 च्या दशकापासून कुंपणातल्या हरणांवर हेच तपासलं गेलं. सगळ्यांना सारखा चारा होता, तरी पहिल्या वर्षी स्पाइक असलेले नर मोठे झाल्यावरही सरासरीने फाटेवाल्यांच्या मागेच राहिले. शिंगाचा आकार बापाकडून मुलाकडे जातो. गाईम्हशींच्या पैदाशीत आपण हेच करतो ना? मग हरणात का नको?

रानवाट:
गाईम्हशींत वळू आपण निवडतो, गाय आपण निवडतो, दोघांची नोंद आपल्याकडे असते. रानात यातलं काय आपल्या हातात आहे? पाडसाला अर्धं रक्त आईचं येतं, आणि मादीला शिंगंच नसतात. ती कोणत्या कुळीची हे कोण सांगणार? शिवाय एखादाच दांडगा नर सगळ्या माद्या फळवतो हा आपला समज आहे. पाडसांचा बाप कोण हे डीएनएवरून तपासलं, तेव्हा मोठे नर भरपूर असलेल्या ठिकाणीही साधारण एक तृतीयांश पाडसं दीड-अडीच वर्षांच्या पोरसवदा नरांची निघाली. एका वेतातल्या जुळ्यांचे बापही कधीकधी वेगळे असतात. त्यात तरुण नर जन्मजागा सोडून काही मैल लांब निघून जातात. तुमच्या जागेवरचा स्पाइक बऱ्याचदा दुसऱ्याच रानात जन्मलेला असतो.

दक्षिण टेक्सासमध्ये एका मोठ्या रँचवर 2006 पासून काही वर्षं मोकळ्या रानातल्या नरांना जाळ्याने पकडून, शिंगं मोजून, कमी पडणारे काढून टाकले. शिंगं सुधारली नाहीत. जिथे कडक छाटणी केली तिथे मोठ्या वयाचे नरच उरेनात.

पाणवठा:
तुम्ही दोघं शिंगांतच अडकलात. मी फ्रीजर भरायला जातो. कोवळ्या नराचं मांस मऊ, वासही कमी. आणि क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना खंगवून मारणारा रोग, ज्या भागात आहे तिथे "नराला म्हातारा होऊ द्या" हा सल्ला धोक्याचा आहे. 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आलेला हा प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा रोग, यावर ना औषध ना लस. मोठ्या नरांत त्याचं प्रमाण माद्यांपेक्षा जास्त सापडतं, आणि भटके तरुण नर तो नव्या रानात नेतात. मग सोडायचा कोणाला?

रानवाट:
रोगाच्या भागाबद्दल तुमचं मान्य. मांसासाठी मारलात तरी माझी हरकत नाही. "मला मांस हवं होतं" हे खरं कारण आहे. "रक्त सुधारलं" हे खरं नाही. चाऱ्यावरचा ताण कमी करायचा असेल तर माद्या मारायचा परवाना वापरा. तोंडं कमी झाली की उरलेल्यांना चारा पुरतो आणि त्यांची शिंगंही सुधारतात.

हिरवी_दुर्बीण:
मचाणावरून वय कसं ओळखता?

रानवाट:
शिंगं झाकून बघायची सवय लावा. दीड वर्षाचा नर म्हणजे डोक्यावर शिंगं ठेवलेली मादीच. पाय लांब, मान बारीक, पोट आत ओढलेलं. पाचच्या पुढचा असेल तर माजाच्या दिवसांत मान छातीत मिसळून जाते, पोट लोंबतं, त्यामुळे पाय आखूड वाटतात. मधली वर्षं अवघड, तिथे मीही चुकतो.

दोननळी:
कुंपणातल्या प्रयोगावरचा माझा विश्वास अजून तसाच आहे. पण मोकळ्या रानात बाप कोण ते कळत नाही, या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. यंदा आमच्या गटात पडेल त्या प्रत्येक स्पाइकचा जबडा काढून ठेवतो. तीन उंचवट्यांचे किती, दोनचे किती, हंगाम संपला की इथेच लिहीन.