येझदीच्या चेसिसमध्ये दुसरं फोर स्ट्रोक इंजिन बसवायचंय, कोणी केलंय का?

लालबाग_२५०

नमस्कार मंडळी, बाबांची १९८३ची येझदी रोडकिंग आहे, अकरा वर्षं चाळीत जिन्याखाली ताडपत्री टाकून उभी होती. बाबा परळ वर्कशॉपला होते, रोज याच गाडीने जायचे, मला शाळेत सोडायचे ते पण टाकीवर बसवून. आता ते नाहीत आणि मला ही गाडी परत रस्त्यावर आणायचीये, नुसती शोभेला नाही, रोज लालबाग ते बीकेसी चालवायची आहे.

बंद पडायच्या आधी खूप पांढरा धूर मारायची, आता किक एकदम हलकी जाते, कम्प्रेशन नसल्यासारखी. एका मेकॅनिकला दाखवली तर तो म्हणाला हे इंजिन गेलं, पार्ट मिळत नाहीत, यात पल्सरचं १८०चं सेकंडहँड इंजिन टाकू, फाउंडेशन, म्हणजे फ्रेमवर इंजिन पकडायच्या जागा, कापून नवीन वेल्डिंग करू, चाळीस हजारात सगळं. सेल्फ स्टार्ट पण मिळेल म्हणाला. ऐकायला बरं वाटतं पण कापायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतो. कोणी असं केलंय का, बसतं का नीट, आणि आरटीओचं काय?

लेथवाला_साकीनाका

भाऊ, आमच्या गाळ्यावर अशा दोन येझद्या आल्या होत्या ब्रॅकेट बनवायला, म्हणून सांगतो. बसतं. कुठलंही इंजिन कुठल्याही फ्रेममध्ये बसवता येतं, प्रश्न ते बसल्यावर गाडी कशी चालते हा आहे.

पहिली गोष्ट उंची. येझदी टू स्ट्रोक, तिच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, व्हॉल्व नाही, कॅम नाही, त्यामुळे हेड बुटकं. फोर स्ट्रोक टाकलं की वर हेड टाकीखालच्या पाइपला लागतं, म्हणून लोक इंजिन खाली सरकवतात, मग सायलेन्सरचा बेंड जमिनीजवळ येतो आणि आपल्या इथल्या स्पीडब्रेकरवर घासतो. पुढे सरकवलं तर बेंड मडगार्डला. मागे सरकवलं तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टरला जागा नाही. एकेक मिलिमीटरसाठी भांडण असतं. म्हणून आधी भंगारातून त्याच इंजिनाचं रिकामं केस आणायचं, आत काही नसलेलं, हलकं असतं, ते फ्रेममध्ये लटकवून पुठ्ठ्याचे कटिंग करून बघायचं. दारूखान्याच्या भंगार बाजारातून ६ एमएमची लोखंडी प्लेट नंतर.

दुसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट चेन लाइन. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका रेषेत पाहिजे म्हणजे पाहिजेच. सरळ पट्टी लावून बघायचं, डोळ्याने नाही. पहिल्या येझदीत ५ एमएमचा फरक राहिला होता, मालकाला घाई होती, चेन तीन महिन्यांत संपली आणि एकदा उतरली पण. मागचं चाक त्याच क्षणी लॉक होऊ शकतं, तो थोडक्यात वाचला. शिवाय पुढचं स्प्रॉकेट चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरून वरखाली होणाऱ्या दांड्याच्या, पिनपासून जितकं लांब जाईल तितकी खड्ड्यात चेन जास्त ताणते आणि सैल होते, ती ढिली ठेवावी लागते.

मग रेशो. त्या इंजिनाचे गिअर त्याच्या गाडीच्या चाकाच्या हिशोबाने असतात. तुमचं १८चं चाक एका फेऱ्यात साधारण २ मीटर जातं, तो हिशोब करूनच मागचं स्प्रॉकेट निवडायचं, नाहीतर सायनच्या सिग्नलवर पहिल्या गिअरमध्ये क्लच जळेल.

आणि फाउंडेशन. बऱ्याच नवीन गाड्यांत इंजिन हाच फ्रेमचा एक भाग असतो, हेडवर पण पकड असते. जुन्या फ्रेमचे पाइप वेगळ्या इंजिनाची वेगळी थरथर खातात. बोल्ट ८.८ ग्रेडचे घातले नाहीत आणि वेल्डिंग जिगमध्ये, म्हणजे फ्रेम घट्ट धरणाऱ्या साच्यात, न धरता केलं तर उष्णतेने फ्रेम वाकडी होते, मग गाडी हात सोडला की एका बाजूला जाते आणि कोणाला कळत नाही का. दुसऱ्या येझदीचं हेच झालं. वायरिंगचा सगळा हार्नेस पण त्याच गाडीचा लागतो, जुना डायनॅमो विसरा.

मी काम करून पैसे घेतो, तरी सांगतो, बाबांची गाडी असेल तर कापायच्या आधी दहा वेळा विचार करा.

वडाळा_पासिंग

कागदाचं मी सांगतो कारण यात लोक फसतात. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२, गाडी कंपनीने जशी बनवली त्यापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अगदी स्पष्ट केलंय. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बदलता येतं, त्याचा नंबर आरसीवर चढतो. येझदीत पल्सरचं इंजिन हा तो प्रकार नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

तुमची गाडी १५ वर्षांवरची आहे, म्हणजे रस्त्यावर आणायला रिन्यूअल करावंच लागेल, तिथे इन्स्पेक्टर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बघणारच. अपघात झाला तर इन्शुरन्सचा क्लेम पण अडकेल, समोरच्याला काही झालं तर तुम्ही घरदार विकाल. आणि सेकंडहँड इंजिन बिलाशिवाय घेऊ नका, नंबर घासलेला निघाला तर पोलिसांना उत्तर तुम्ही देणार.

अजून एक, २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपातली, चेसिस किंवा इंजिनात फेरफार नसलेली, तिला वेगळी व्हीए नंबर प्लेट मिळते. तुमची २०३३मध्ये पन्नाशीत जाईल. ती प्लेट घेतली की रोज ऑफिसला नेता येत नाही हे खरं, पण आज फाउंडेशन कापलं तर तो रस्ताच बंद.

गिरगाव_रोडकिंग

मी स्वतः रोडकिंग चालवते, आधी मामांची होती, आता माझी. दादा, मला वाटतं तुमचं इंजिन गेलेलंच नाही.

पांढरा धूर म्हणालात ना? येझदीत क्लचच्या बाजूच्या प्रायमरी चेनचं, म्हणजे इंजिनातून क्लच फिरवणाऱ्या आतल्या चेनचं, आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच असतं. त्या बाजूचं क्रँकचं, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील गेलं की इंजिन गिअर ऑइल आत ओढून जाळतं, धूर येतो, आणि लोक म्हणतात पिस्टन गेलं. बाबा गिअर ऑइल वारंवार टाकत होते का ते आठवून बघा. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर उलट, हवा आत येते आणि थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही. सील म्हणजे रबराचे दोन तुकडे हो, पण बदलायला पूर्ण केस उघडावी लागते म्हणून मेकॅनिक टाळतात.

कम्प्रेशनचं म्हणाल तर अकरा वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात. प्लग काढून थोडं ऑइल आत सोडा, दोन दिवस ठेवा, मग हाताने हळू फिरवा. जोरात किक मारू नका, रिंग तुटून पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, अडकेल. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत, ओरखडे असतील तर ओव्हरसाइज पिस्टन टाकून बोअर करता येतो. पार्ट मिळतात, येझदीवाले एकमेकांना पत्ते देतात. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद झाला तरी गाड्या आजही चालतातच की.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं आणि पाणी ओढतं, तर पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरचे वायसर आधी बदला, टाकी धुवून गंज काढा.

आणि एक मनातलं. किकचाच लिव्हर फिरवून गिअरचा होतो, पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो, ही या गाडीची ओळख आहे. दुसरं इंजिन टाकलं की ती येझदी राहत नाही, फक्त टाकी राहते. तुमच्या बाबांच्या पायाला जो लिव्हर माहीत होता तो जाईल.

लालबाग_२५०

ताई, तुमचं वाचून आईला विचारलं, ती म्हणाली बाबा दर महिन्याला एका बाटलीतून गाडीत ऑइल ओतायचे आणि बडबडायचे हे जातं कुठे. आज प्लग काढून ऑइल सोडलं, हाताने हळू फिरवली तर प्लगच्या भोकावर ठेवलेल्या अंगठ्याला आता थोडा दाब लागतो. मेकॅनिकला इंजिन नको म्हणून सांगितलं. आता केस उघडायची आहे, क्रँक कुठे देऊ?

लेथवाला_साकीनाका

माझ्याकडे आणा. एकच सांगतो, क्रँक काढताना हातोडा मारू देऊ नका कोणाला, ओढून काढायचा पुलर लावा. क्रँक प्रेस करून जोडलेला असतो, एक ठोका बसला तरी वाकतो. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायलने वाकलाय का ते मोजून बघू, कनेक्टिंग रॉडला खेळ असेल तर रॉड किट टाकू, नसेल तर बेअरिंग आणि सील बदलून परत देतो. उघडायच्या आधी सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, आणि गिअर ऑइल एका स्वच्छ डब्यात काढून बघा, खाली धातूची चमकी दिसली तर तो डबा पण सोबत आणा.