'झिरो इन ऑन' म्हणजे नक्की काय? (सातारा, आमच्या सोसायटीचा ग्रुप)

ए-२०३, वहिनी: मंडळी, लेकीच्या सराव पेपरात वाक्य आलंय, 'द पोलीस झिरोड इन ऑन वन सस्पेक्ट.' ती म्हणते, झिरो म्हणजे पोलिसांना काहीच सापडलं नाही. मला पटत नाहीये. कुणी सांगाल का?

सी-१०१, दादा: उलटं आहे वहिनी. बाकीचे संशयित बाजूला पडले आणि एकावरच रोख आला.

बी-३०२, सुभेदार काका: सूनबाई, हा शब्द फौजेतला. रायफल हातात आली की आधी फायरिंग रेंजवर झिरो करावी लागते. एकाच जागी शिस्त, म्हणजे नेम, धरून चार-पाच गोळ्या मारायच्या. गोळ्यांचा ग्रुप डावीकडे पडला, खाली पडला की तेवढी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवायची आणि परत मारायच्या. जिथं शिस्त तिथंच गोळी लागायला लागली की रायफल झिरो झाली. आमच्या अपशिंग्यात, फौजींच्या गावात, कुठल्याही घरी विचारा.

ए-२०३, वहिनी: काका, आत्ता उलगडलं! मग नुसतं 'फोकस ऑन' का नाही म्हणायचं?

डी-४०१, मॅडम: फरक आहे, आणि तो मुलांना नीट कळायला हवा. 'फोकस ऑन' म्हणजे लक्ष देणं; समोर पहिल्यापासून एकच गोष्ट असली तरी चालतं. 'झिरो इन ऑन'मध्ये आधी पसारा असतो, तो कमी करत एकावर यायचं असतं. आपण लिफ्टची सगळी कोटेशनं चाळून शेवटी एक धरलं ना? 'वी झिरोड इन ऑन वन.' आणि 'इन' गाळायचं नाही. 'झिरोड ऑन' लिहिलं की मार्क गेला.

बी-१०४, काका: टाकीचं पाणी सातला सोडतोय. चर्चा चालू द्या.

सी-१०१, दादा: मॅडम, 'होन इन ऑन' पण वाचलंय.

डी-४०१, मॅडम: मूळ 'होम इन ऑन'. कबुतर घराच्या दिशेनं नेमकं येतं, त्यावरून. 'होन' म्हणजे धार लावणं. लोक सर्रास वापरतात, डिक्शनरीतही आलंय, पण परीक्षेत 'होम'च लिहावं.

ए-२०३, वहिनी: लेकीनं लिहिलं, 'आफ्टर सीइंग मेनी कॉलेजेस, आय झिरोड इन ऑन वन इन सातारा.'

डी-४०१, मॅडम: अगदी बरोबर! तिला 'झिरोइंग'चं स्पेलिंग पण करायला सांगा. त्यात 'ओ'नंतर थेट 'आयएनजी', मध्ये 'ई' नाही.