हिंसाचारात माणूस गमावलेल्या घरांशी सरकारने किती वर्षे संपर्क ठेवावा?

आगरवाट (गुहागर तालुका), धागाकर्ती (ही चर्चा सुरू करणारी)

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. त्यांपैकी एका गाडीत माझ्या मामेबहिणीचे यजमान होते. बढती मिळाली म्हणून त्यांनी त्याच महिन्यात पहिल्या वर्गाचा पास काढला होता, आणि स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांतच झाले. ताई दोन मुलांना घेऊन गावी परतली. पहिले काही महिने घरात पाय ठेवायला जागा नसे. भरपाईचा धनादेश आला, त्याचे छायाचित्रही निघाले. त्यानंतर बाहेरच्या कोणी तिची आठवण काढली ती दोनदाच: २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले तेव्हा, आणि २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष सोडले तेव्हा. दोन्ही वेळा ते वार्ताहर होते. सुटकेच्या त्या दिवशी ती सूप मांडीवर घेऊन आठळ्या सोलायला बसली ती दिवेलागण झाली तरी उठली नाही, आणि सुपातल्या आठळ्या तशाच होत्या.

माझे म्हणणे असे की, सामूहिक हिंसाचारातून वाचलेल्या प्रत्येकाला आणि मृताच्या प्रत्येक घराला आरोग्य खात्यातील एक ठरावीक माणूस किमान दहा वर्षे नेमून द्यावा, आणि त्याने बोलावण्याची वाट न पाहता स्वतःहून संपर्क करावा. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ७७ माणसे मारली गेली, तेव्हा वाचलेल्यांच्या आपापल्या गावच्या पालिकांवर असेच काम सोपवले गेले होते, किमान एका वर्षासाठी. तेवढ्याने अनेकांचे भागले नाही, हे पुढे तिथल्याच पाहण्यांत दिसले. आपल्याकडे २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. पण तो फिरवायचा ताईने, आणि ती तो फिरवणार नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, चिपळूण

आपल्या ताईंविषयी पूर्ण सहानुभूती असूनही मी या मागणीच्या विरोधात आहे. अशा आघातानंतर बहुसंख्य माणसे कोणत्याही उपचाराविना, घरच्यांच्या आणि कामधंद्याच्या आधाराने सावरतात. एके काळी दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून घडलेले सारे बोलायला लावण्याची पद्धत होती. तिची रीतसर चाचणी झाली तेव्हा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही ती पद्धत वापरू नका असेच सांगते. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आता स्वतंत्र नाव आहे, मात्र किमान सहा महिने उलटल्याखेरीज ते लावायचे नाही, आणि ते मोजक्यांनाच लागू पडते. दहा वर्षे कोणी वही घेऊन ‘झोप लागते का?’ असे विचारत राहिला, तर ती बाई जन्मभर ‘स्फोटातली विधवा’च राहील. आपल्या समाजाने वर्षश्राद्ध ठेवले आहे ते उगीच नाही. शिवाय राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार, त्यांतले कोकणपट्टीच्या या भागासाठी रत्नागिरीचे एक. सिंधुदुर्गातला रुग्णही तिथेच येतो. आहे ते मनुष्यबळ ज्यांना आज उपचार हवेत त्यांच्यासाठी राखावे.

बाणकोटकर

डॉक्टरसाहेब, समाजाचा आधार सगळ्यांना सारखा मिळत नाही. माझ्या थोरल्या चुलत्यांनी जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलीत एक रात्र इमारतीच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत काढली आणि पुढच्या आठवड्यात ते बिऱ्हाड मोडून गावी आले. डिसेंबर आणि जानेवारीच्या त्या दंगलींत ९०० माणसे गेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. पाठोपाठ १२ मार्चचे बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे गेली, आणि त्यासाठीची स्फोटके खाडीपलीकडच्या श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरल्याचे उघड झाले. मग या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांकडे पाहण्याची नजरच बदलली. अशा दिवसांत ‘मला रात्री दचकून जाग येते’ हे चाचांनी कोणाला सांगायचे होते? शिमग्याची पालखी वाहणाऱ्यांत त्यांचे शाळेपासूनचे दोस्त होते, तरी ढोल जवळ आले की चाचा आतून कडी लावून घेत. गाव वाईट नव्हते. पण ज्या गर्दीचे भय, तिच्याच माणसांना ते भय सांगता येत नाही. म्हणून बाहेरचा, खात्याचा माणूस हवा असे मलाही वाटते. फक्त त्याने घरी येऊ नये. एस.टी. स्टँडवर कोण रत्नागिरीच्या ‘वेड्यांच्या इस्पितळात’ निघाले आहे हे सगळ्यांना कळते, तसे दारात कोणाची गाडी थांबली हेही कळतेच.

तांडेल, हर्णे

मला हा भेदच पटत नाही. आमच्या बंदरावर वादळात बोट गेली आणि खलाशाचा देह मिळाला नाही, तर मृत्यू गृहीत धरायला कायद्याने सात वर्षे जावी लागतात. तोवर ती बाई धड विधवा नाही आणि धड सौभाग्यवतीही नाही. वारस नोंद नाही, बँकेतले पैसे नाहीत. तिला कोणी समुपदेशक दिला? बॉम्बने गेलेल्याला दहा वर्षे आणि समुद्राने नेलेल्याला काहीच नाही, हा कोणता न्याय? मनाचे पुढे पाहता येईल. आधी तलाठ्याचा दाखला वेळेत द्या, मुलांची फी भरा. निम्मी झोप त्यानेच येईल.

आगरवाट, धागाकर्ती

तांडेलदादा, समुद्राचे म्हणणे मला सोडवता येत नाही. एवढेच सांगते की समुद्र कोणी मुद्दाम सोडत नाही, आणि त्याच्यावर एकोणीस वर्षे खटला चालत नाही. ताईच्या जखमेवर खपली धरली की न्यायालयाची पुढची तारीख ती काढते. दाखल्यांचे मात्र पूर्ण मान्य. नेमलेल्या माणसाचे पहिले काम तेच असावे, कारण कागदाच्या निमित्ताने माणूस बोलू लागतो.

डॉक्टरसाहेब, मी दहा वर्षे उपचार मागितलेले नाहीत, हे माझ्या मूळ लिखाणात स्पष्ट नव्हते. वर्षातून दोन दूरध्वनी आणि निकालासारखे काही घडणार असेल तर आदल्या दिवशी एक, एवढेच. उच्च न्यायालयाच्या निकालाला तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सुटलेले बाहेरच राहिले, फक्त तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असे ठरले. ताईने ‘स्थगिती’ एवढाच शब्द दूरदर्शन संचावर वाचला आणि रात्रभर भावाला विचारत राहिली की, म्हणजे त्यांनी केले की नाही केले. भाऊ आंब्याचा बागायतदार. तो काय सांगणार?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, चिपळूण

वर्षाला दोन दूरध्वनी असतील तर माझा विरोध बराचसा मावळतो. मात्र ‘ठरावीक माणूस’ हे शब्द आपण काढून टाकावेत. माझ्या नोकरीत माझ्याच सात बदल्या झाल्या. दहा वर्षे टिकते ती नोंदवही, आणि तीही कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे माहीत असेल तरच.

आगरवाट, धागाकर्ती

शब्द काढत नाही. बदली झाली तर जाणाऱ्याने नव्या माणसाला सोबत घेऊन शेवटचा दूरध्वनी करावा, अशी दुरुस्ती सुचवते. बाणकोटकरांचा घरी न येण्याचा मुद्दा मी ताईला विचारला. ती म्हणाली, आले तरी चालेल, पण जुलैत नको.