मदत हवी आहे: आजीचे डोळे सोडून कुड्या शार्प येतायत, लेन्स खराब की मी?

नमस्कार मंडळी,

किट लेन्समध्ये (कॅमेऱ्यासोबत आलेली) मागचं काही ब्लर होत नाही म्हणून वापरलेली ५० मिमी एफ/१.८ लेन्स घेतली (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडं). बॉडी जुनी, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची.

रविवारी सकाळी आजीला सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभं केलं. मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस केला, मग कॅमेरा जरा वळवून देऊळ फ्रेममध्ये घेतलं. स्क्रीनवर फोटो झकास! घरी झूम करून बघतो तर कुड्यांचा मोती न मोती मोजता येतोय, पदराचा काठ लख्ख, आणि डोळे धुरकट. आजी म्हणाली, "मोतीबिंदू माझं काढलेत, तुझ्या कॅमेऱ्याचं राहिलंय बघ."

मग काकांच्या लूमवरची मोरपंखी चादर भिंतीवर ताणून बांधली. ट्रायपॉड, टायमर, फोकस लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून). एफ/१.८ ला कडा मऊ, कोपरे तर बोलूच नका. एफ/४ ते ५.६ ला सुताचा पीळसुद्धा दिसतो. १६ ला पुन्हा मऊ, ते डिफ्रॅक्शनचं (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो, त्याचं) असावं. पण ४ वर ठेवलं की मागचा ब्लर कमी होतो. दोन्ही कसं साधायचं?

प्रतिसाद:
लेन्स ठीक दिसते, उघड्या अ‍ॅपर्चरला स्वस्त ५० मिमी थोडी मऊ असतेच. तुमची गडबड फोकसची आहे. क्रॉप बॉडीवर एफ/१.८ ला दीड मीटरवरून जेमतेम ६ सेंमी खोली शार्प राहते. फोकस करून कॅमेरा वळवला की फोकसची पातळी डोळ्याच्या मागे सरकते. डोळ्यावर येणारा पॉइंटच निवडा. चादर सपाट, शिवाय तुम्ही लाइव्ह व्ह्यू वापरलात, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना दोष असला तरी त्यात दिसणार नाही. पाच बाटल्या तिरक्या रांगेत मांडा, मधलीवर फोकस करा, दोन्ही पद्धतींनी.

ब्लरचं म्हणाल तर नुसत्या आकड्याच्या मागे लागू नका. आजींच्या जवळ जा आणि मागचं लांब ठेवा. एफ/२.८ वरही तळं विरघळेल.

मूळ लेखक:
धन्यवाद दादा. शेंगा चटणीच्या बाटल्या मांडल्या (आई ओरडली, ते वेगळं). व्ह्यूफाइंडरने तिसरीवर फोकस केला तर तिच्या मागच्या चौथीचं लेबल शार्प. दहापैकी नऊ वेळा. लाइव्ह व्ह्यूने बरोब्बर तिसरी. म्हणजे बॅक फोकस (फोकस हवा त्याच्या मागे पडतोय), आणि वर माझं वळवणं. माझ्या बॉडीत फोकसचं मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट (फोकस किंचित पुढे-मागे करायची सेटिंग) नाही, मेनू पालथा घातला. तूर्त एफ/२.८ आणि लाइव्ह व्ह्यू, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही हो, आणि आपल्याकडचं ऊन माहितीये. कुणी हे दुरुस्त करून घेतलंय का? लेन्स एकटी द्यायची की बॉडीसकट?