१९४७चा न्यू लुक: घेर बाईचा, कंबर कुणाची?

बाभूळकाटा (धागाकर्ती)

पाश्चात्त्य स्त्रियांच्या पोशाखाबद्दल मराठीत काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: महायुद्धानं रुक्ष झालेल्या बाईला डिऑर या फ्रेंच फॅशन डिझायनरनं तिचं बाईपण परत दिलं. हे वाक्य मला कित्येक वर्षं खुपतंय. का खुपतंय ते एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ख्रिश्चन डिऑरनं स्वतःच्या नावाचं पहिलं कलेक्शन दाखवलं. उतरते खांदे, आवळून बारीक केलेली कंबर, नितंबांपाशी आतून भरण घालून आणलेली गोलाई आणि पार पोटरीखाली जाणारा घेरदार स्कर्ट. ‘हार्पर्स बझार’ मासिकाच्या संपादक कारमेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

आता त्याच्या आधीची बाई बघा. युद्धाच्या काळात ती कारखान्यात, इस्पितळात, कचेरीत राबत होती. रुंद खांद्यांचा कोट, गुडघ्याशी संपणारा आटोपशीर स्कर्ट, चालता येईल असे बूट, कामावर पँटसुद्धा. पॅरिसमध्ये पेट्रोलचा पत्ता नव्हता, तेव्हा बायका याच कपड्यांत सायकली हाणत होत्या. फ्रान्समधल्या बायकांनी पहिलं मत टाकलं ते एप्रिल १९४५मध्ये. त्याला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत फॅशन तिला सांगते, पोट आत घे, श्वास अर्धा घे. त्याच फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडायला १९६५ उजाडावं लागलं. मला हे सगळं एकाच ताग्यातलं कापड वाटतं.

आणि पैसा कुणाचा होता? मार्सेल बुसाकचा, म्हणजे फ्रान्समधल्या बड्या कापडगिरणी मालकाचा. स्कर्टला जितका घेर, तितकं कापड खपणार.

न्यू लुक देखणा होता, हे मला मान्य आहे. पण बाईसाठी ती माघार होती.

लेस्टरची काकू

बाभूळकाटाताई, तुमचा राग मला कळतो, पण तुम्ही पॅरिसच्या शोरूममधून बघताय. जरा इकडच्या गल्लीतून बघा.

ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १ जून १९४१ला सुरू झालं आणि १५ मार्च १९४९ला संपलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं होती. लोकरीच्या एका ड्रेसला ११, अस्तराच्या लांब कोटाला १४, मोज्यांच्या जोडीला २. पुढे कूपनं कमी झाली. प्लीट किती, बटणं किती, यावर सरकारी नियम होते. म्हणजे बाईनं काय घालायचं ते बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे सरकारचं व्यापार खातं, ठरवत होतं. तुम्ही ज्या आटोपशीर स्कर्टचं कौतुक करताय तो टंचाईचा स्कर्ट होता हो. तो कुणी आवडीनं निवडलेला नव्हता.

न्यू लुक आला तेव्हा त्याला विरोध करायला कोण पुढे आलं? ब्रिटिश मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स. आपल्याला १९४२च्या क्रिप्स योजनेमुळे ठाऊक असलेले तेच. कापड निर्यातीसाठी हवं, तेव्हा बायकांनी लांब स्कर्टचा नाद सोडावा, असं त्यांचं म्हणणं. आणि बायकांनी ऐकलं नाही. मला तर माघार घ्यायला लागलेलं सरकारच दिसतं.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, आता नाहीत. १९४८मध्ये त्या सतरा वर्षांच्या होत्या, होजिअरीच्या कारखान्यात कामाला. पॅरिस त्यांनी चित्रातसुद्धा धड पाहिलं नव्हतं. त्यांनी आपला राखाडी स्कर्ट खालून उसवला आणि त्याला ब्लॅकआउटच्या (युद्धात दिव्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून लावायच्या) काळ्या पडद्याची वीतभर रुंद पट्टी जोडली, कारण त्या कापडाला कूपनं लागत नसत. शनिवारी तो घालून नाचायला गेल्या. गिरकी घेतली की आपण थांबायचो पण स्कर्ट थांबायचा नाही, हे सांगताना त्या हात हवेत फिरवून दाखवायच्या. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी! कंबरेचा विषय त्यांच्या बोलण्यात कधीच आला नाही. त्या मुलीनं माघार घेतली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दादरकर

काकू, तुमच्या शेजारणीची पट्टी वाचून मला आमच्या आजीची दंड घातलेली पातळं आठवली. जीर्ण झालेला मधला भाग काढून टाकायचा, दोन चांगले तुकडे जोडायचे आणि तो जोड निऱ्यांत लपेल असं नेसायचं. युद्धाच्या काळात इकडेही कापडावर कंट्रोल होता. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द तिच्या तोंडी शेवटपर्यंत होता.

पण याच कारणासाठी मी धागाकर्तीच्या बाजूनं आहे. टंचाईतून सुटल्याचा आनंद खरा, तो सगळ्यांच्या वाट्याला मात्र एकाच वेळी आला नाही. १९४७मध्येच पॅरिसच्या माँमार्त्रमध्ये, रू लेपिकच्या बाजारात, न्यू लुक घातलेल्या मॉडेलना फोटोसाठी उभं केलं होतं. तिथल्या बायका त्यांच्यावर धावून गेल्या, अंगावरचे कपडे ओढून फाडले. ते फोटो आजही बघायला मिळतात. पोराबाळांना दूध-पाव मिळवताना ज्यांचा जीव मेटाकुटीला येत होता, त्यांच्यासमोर कुणीतरी कापडाचे तागेच्या तागे कंबरेला बांधून मिरवत होतं. त्या संतापाची नोंद फॅशनच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात, त्याचं वाईट वाटतं.

अक्षरवेल

मूळ मांडणीशी असहमत, आणि मुद्दा इतिहासाचा आहे.

आवळलेली कंबर डिऑरनं शोधलेली नाही. १९३९मध्ये होर्स्टनं पॅरिसमध्ये काढलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: पाठमोरी बाई, अंगात डिझायनर मेनबोशेचं कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ताठ चोळी, नाड्या सुटून खाली लोंबतायत. म्हणजे युद्धाच्या तोंडावरच पॅरिस बारीक कंबरेकडे वळलं होतं. युद्धानं ती वाट अडवली, एवढंच. मार्सेल रोशासची ‘गेपिएर’, म्हणजे कंबर आवळायचा छोटा पट्टा, तीसुद्धा डिऑरच्या आधीची. तेव्हा ‘मतदान करणाऱ्या बाईला पुन्हा आवळून टाकलं’ ही गोष्ट ऐकायला जोरकस आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत.

दुसरं. जर्मन ताब्याच्या काळात पॅरिसचा हा सगळा धंदा बर्लिनला हलवायचा घाट घातला होता. पॅरिसचे डिझायनर ल्युसियाँ लेलाँ यांनी वाटाघाटी करून तो पॅरिसमध्येच राखला. डिऑर तेव्हा लेलाँकडेच नोकरीला होता. १९४५मध्ये, कापड मिळत नाही म्हणून, पॅरिसच्या नामांकित शिवणघरांनी तारेच्या बाहुल्या केल्या, माणसाच्या एक तृतीयांश उंचीच्या. त्यांना खऱ्या कपड्यांसारखे कपडे शिवले आणि प्रदर्शन भरवलं. हाताच्या बोटांवर जगणाऱ्या हजारो शिवणकाम करणाऱ्या बायका, भरतकाम करणाऱ्या, पिसांचं काम करणाऱ्या, या सगळ्यांचा चरितार्थ त्यावर होता. १९४७चा तो घेर या बायकांच्या पोटापाण्याचाही होता. बुसाकचा नफा मोजायचा तर त्यांची मजुरीही मोजा.

आणि डिऑरची बहीण कातरिन. प्रतिकार चळवळीत होती, पकडली गेली, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून जिवंत परतली. ‘मिस डिऑर’ हे अत्तर तिच्या नावाचं मानतात. ज्या घरानं हे सोसलं, त्या घरातल्या माणसाला फुलांच्या आकाराचे झगे सुचावेत यात मला बाईला कोंडण्याचा डाव दिसत नाही.

सुईदोरा

मी पुण्यात शिवणकाम शिकवते. तुमचं सगळ्यांचं वाचतेय, पण एक गोष्ट कुणी बोललेलं नाही: तो कपडा अंगावर कसा बसतो.

शिकत असताना मी डिऑरच्या ‘बार’ सूटचा नमुना करून पाहिला होता. मूळ सूट म्हणजे फिक्या रंगाच्या शांटुंग रेशमाचं जॅकेट आणि खाली काळ्या लोकरीचा प्लीटचा स्कर्ट. मी आधी मांजरपाटात कापला. जॅकेट कंबरेखाली असं उमलतं की आत आधार दिल्याशिवाय ते उभं राहत नाही. पहिल्यांदा मी कापसाची सरळ पट्टी लावली, तर बसल्याबरोबर ती पुढे सरकली. मग थर दिले, मधे जाड, कडेला विरळ, आणि प्रत्येक थर कच्च्या टाक्यानं वेगळा धरला. तीन दिवस नुसते त्यात गेले. डिऑर कापडाला आतून पर्केल नाहीतर तफेत्याचं अस्तर द्यायचा, तेही तेव्हा कळलं का ते. अस्तराशिवाय घेर गळून पडतो.

आणि मग स्कर्ट अंगावर चढवला. वजन! एवढी लोकर, तिच्या प्लीट, आतलं अस्तर, सगळं कंबरेवर लटकतं. कंबरेची आतली पट्टी जरा सैल ठेवली की स्कर्ट खाली ओढला जातो आणि पुढची सगळी रेघ बिघडते. म्हणून कंबर घट्ट हवी. बाभूळकाटाताई, तुम्ही ती घट्ट कंबर फक्त पुरुषी हौस म्हणून बघताय. जड घेर तोलून धरायला कुठेतरी खिळा ठोकावाच लागतो, आणि या कपड्यात तो कंबरेवर ठोकलाय.

खरं सांगते, अर्ध्या तासानं मला बसवेना. पण आरशात पाहिलं तेव्हा काढवेनाही.

बाभूळकाटा

सुईदोरा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटची दोन वाक्यं विसरता येणार नाहीत.

अक्षरवेल, १९३९चा मुद्दा मान्य. ‘मत मिळालं म्हणून आवळलं’ असा कार्यकारणभाव मी लावायला नको होता, तो मागे घेते. मजुरीचा मुद्दाही रास्त आहे. पण कातरिनच्या सोसण्यानं तिच्या भावाच्या कात्रीला सूट मिळत नाही. माणूस हळवा असू शकतो आणि त्यानं कापलेला कपडा तरीही श्वास रोखू शकतो.

काकू, तुमच्या शेजारच्या आजींनी माझ्या मांडणीतली खरी चूक दाखवली. मी घेर आणि कंबर एकत्र मोजत होते. त्या आजींनी घेर घेतला आणि कंबर सोडून दिली. घराघरांत बायकांनी तेच केलं असणार: पट्टी जोडली, पडदा कापला, पण हाडांचा, म्हणजे आत ताठ काड्या शिवलेला, पट्टा घालून कारखान्यात कुणी गेलं नसेल. माझं भांडण कंबरेशी आहे, ते तसंच आहे. घेराशी नाही.

प्रश्न एवढाच उरतो की घेर घ्यायचा तर कंबर द्यावीच लागते का? सुईदोरा म्हणतात, हो.

उरेब

नाही लागत. आणि याचं उत्तर त्याच काळात, समुद्रापलीकडे दिलं गेलं होतं.

क्लेअर मॅककार्डेल. न्यूयॉर्कची, तयार कपड्यांच्या कारखान्यासाठी डिझाइन करणारी. १९३८मध्ये तिनं ‘मोनास्टिक’ ड्रेस केला: तंबूसारखा सैल, कंबरेला शिवणच नाही. सगळं वजन खांद्यावर. ज्या बाईला जिथे हवं तिथे तिनं पट्टा बांधावा. १९४२मध्ये ‘पॉपओव्हर’ केला, पुढून गुंडाळायचा, मोठ्ठा खिसा आणि जोडीला गरम भांडं धरायचा हातमोजा. किंमत ६ डॉलर ९५ सेंट. चपला-बुटांवर रेशनिंग आलं तर तिनं नाचाचे सपाट बूट रस्त्यावर आणले. न्यू लुकनंतर तिनंही घेरदार स्कर्ट केले, पण आत हाडं नाहीत, भरण नाही. वाकता येतं, धावता येतं, खिशात हात घालता येतो.

सुईदोराताई, तुमचा खिळ्याचा मुद्दा बरोबर आहे. फक्त खिळा कुठे ठोकायचा हे ठरवणारा माणूस असतो. मॅककार्डेलनं कापड हलकं घेतलं आणि भार खांद्याकडे नेला.

जाता जाता: अशा चर्चेत कुणीतरी पॅरिसची डिझायनर कोको शनेल हिचं नाव ‘मुक्तिदाती’ म्हणून घेतंच, म्हणून आधीच सांगतो. १९५४मध्ये सत्तरीत तिनं दुकान पुन्हा उघडलं, ते सैल, चालण्याजोगे सूट घेऊन. ते सूट खरोखर चांगले आहेत. पण जर्मन ताब्याच्या काळात ती एका जर्मन अधिकाऱ्याबरोबर रिट्झ हॉटेलात राहत होती, हेही त्याच वाक्यात लिहायला हवं.

दादरकर

उरेब, ६ डॉलर ९५ सेंट हा आकडा वाचून बरं वाटलं. रू लेपिकच्या बायका त्या ड्रेसवर धावून गेल्या नसत्या.

लेस्टरची काकू

मॅककार्डेल मलाही आवडते. पण उरेब, एक सांगू का? शेजारच्या आजींना तिचं नाव माहीत नव्हतं. डिऑरचं होतं. सगळ्या गावानं त्याला नावं ठेवली म्हणूनच ते त्यांच्यापर्यंत पोचलं असेल. ज्या कपड्यावर मंत्री बोलतात तो कपडा घालण्यात सतरा वर्षांच्या मुलीला जी धुंदी असते, ती समजूतदार ड्रेसमध्ये नसते. मी तुमच्याशी अर्धीच सहमत होणार, बाकी अर्धी त्या काळ्या पट्टीची.

सुईदोरा

उरेब, तुम्ही मला कामाला लावलंत. मोनास्टिकसारखा कट मी कधी घेतलेला नाही. तंबूचा आकार, कंबरेला शिवण नाही, म्हणजे घेर थेट खांद्यापासून सोडायला हवा. गळ्याशी भार येऊन मागचा भाग ओढला जाईल, अशी मला शंका आहे. खांद्याच्या शिवणीला आतून पट्टी द्यावी लागेल बहुतेक.

वर्गातल्या मुलींना दोन गटांत वाटते. एक गट बारचा स्कर्ट कापेल, दुसरा खांद्यावरून सोडलेला. दोन्ही एकाच वजनाच्या कापडात. घालून जिना चढायचा, खाली बसायचं, बस पकडायची. मांजरपाट आजच आणलंय, आधी पाण्यातून काढून वाळत घातलंय. झालं की इथेच लिहीन.